विटांच्या खांबांवर दगडी टेबल: पायापासून लादी बसवेपर्यंत

दगड दाबाला जबरदस्त असतो, ताणाला मात्र कच्चा. लाकडी टेबलाचा एक पाय दोन-तीन मिलिमीटर खचला तर फळी तेवढी पीळ खाते आणि टेबल नुसतं डुगडुगतं. दगडी लादीला पीळ खाता येत नाही. ती काही महिने तग धरते आणि मग कुणीतरी कोपऱ्यावर टेकल्याचं निमित्त होऊन आरपार तडकते. दोष दगडाला दिला जातो, पण कारण बहुतेक वेळा जमिनीखाली असतं. म्हणून या लेखात लादीच्या सौंदर्यापेक्षा पाया, खांबांची डोकी आणि लादी-खांबाचा सांधा यांनाच जास्त जागा दिली आहे.

सगळी मापं १८०० × ९०० × ४० मि.मी. लादीच्या टेबलाची आहेत. माणशी ६०० मि.मी. धरले तर एका बाजूला तीन, दोन्हीकडे मिळून सहा माणसं बसतात. वीट २३० × ११० × ७५ मि.मी. आणि सांधा १० मि.मी. धरला आहे. तुमच्याकडची वीट वेगळ्या मापाची असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

उंचीचा हिशेब विटेपासून

जेवणाच्या टेबलाची सोयीची उंची ७५० मि.मी. आणि बसण्याची ४५०. टेबलाच्या ७५० मधून लादीचे ४० आणि तिच्याखालच्या मसाल्याचे १० वजा केले की खांब जमिनीवर ७०० मि.मी. दिसायला हवा. विटेचा एक थर सांध्यासकट ८५ मि.मी. होतो. ७०० ला ८५ ने पूर्ण भाग जात नाही, आणि इथेच बरेच जण शेवटच्या थरात विटेची कापलेली चपटी खाप किंवा जाड मसाला घालून उंची गाठतात. लादीच्या लगेच खाली असली ठिगळं नकोत. त्यापेक्षा पायाच्या काँक्रीटचा माथा जमिनीखाली १५० मि.मी. ठेवा. मग खांबाची एकूण उंची ८५० होते, म्हणजे बरोबर १० थर. उंची जुळवायची ती जमिनीखाली.

खांब कुठे आणि केवढे

चार कोपऱ्यांना चार खांब देऊ नका. दगड चार ठिकाणी सारखा टेकवणं फार अवघड. एक खांब जरासा खाली राहतोच आणि लादी तिघांवर तोलली जाते. दोन आडवे, रुंद खांब पुरतात.

लांबीच्या दिशेने पाहिलं तर स्वतःच्या वजनाने येणारा ताण मध्यभागी आणि खांबांवर सारखा वाटला जावा यासाठी आधार टोकापासून लांबीच्या सुमारे २१ टक्क्यांवर हवा. १८०० च्या लादीला हे अंतर ३७३ मि.मी. येतं. पाय ठेवायला मधली जागा थोडी वाढावी म्हणून खांबाचा मध्य टोकापासून ३५० वर घ्या. दोन खांबांच्या मध्यांमधलं अंतर ११०० आणि मधली मोकळी जागा ८७० मि.मी. राहते. खांब अगदी टोकाला नेले तर मधला गाळा वाढतो आणि तिथे उभा राहून दिवा लावणारा माणूस लादीची परीक्षा घेतो. तो उभा राहणारच, असं धरूनच बांधा.

रुंदीच्या दिशेने प्रश्न तडकण्याचा नाही, उलटण्याचा असतो. ग्रॅनाइटचं वजन घनमीटरला साधारण २७०० किलो, म्हणजे आपली लादी सुमारे १७५ किलोची. खांब फक्त एक वीट, २३० मि.मी. रुंद ठेवला तर लादी दोन्हीकडे ३३५ मि.मी. बाहेर लोंबते. ८० किलोचा माणूस कडेवर बसला की उलटवणारा जोर ८० × ०.३३५ = २६.८, आणि धरून ठेवणारा १७५ × ०.११५ = २०.१. एकटा माणूस टेबल उलटवू शकतो. खांब ४७० मि.मी. रुंद केला की लोंबणारा भाग २१५ वर येतो. धरून ठेवणारा जोर ४१.१ होतो आणि एका माणसाचा १७.२. दोघे एकाच कडेवर बसले तरी लादी हलत नाही. तिघांना मात्र मसाला आणि खुंटीच (खांबातून लादीच्या पोटात जाणारी स्टीलची सळई) धरून ठेवतील. ४७० पेक्षा रुंद खांब भारदस्त दिसतो, पण कडेच्या माणसांचे गुडघे त्यावर आपटतात. आत्ताच त्यांच्या वाट्याला २१५ मि.मी. येतात, त्याहून कमी करू नका.

दगड

जाडीवर तडजोड नको. वाकण्याला तोंड देण्याची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते: ४० मि.मी. लादी २० मि.मी. लादीच्या दुप्पट नाही, चौपट दणकट असते. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी चालणारी २० मि.मी. लादी खालून पूर्ण टेकलेली असते. इथे ती अधांतरी आहे. ग्रॅनाइट किंवा काळा बेसॉल्ट ४० मि.मी. पुरतो. वालुकाश्म आणि चुनखडीचे दगड जातीप्रमाणे खूपच कमीजास्त असतात. ते घ्यायचे असतील तर ५० ते ६० मि.मी. घ्या.

कोटा, शहाबादी आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच कुळातला. त्यांच्यावर लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की पॉलिश खाल्लं जातं आणि पांढुरका डाग राहतो. तो डाग धुऊन जात नाही, कारण तो मळ नसून झिजलेला दगड असतो. दगड कोणता ते कळत नसेल तर तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले की चुनखडी समजा.

लादी ताब्यात घेण्याआधी दोन गोष्टी कराच. ती लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवून छोट्या हातोडीने जागोजागी हलकेच ठोका. निरोगी दगड खणखणतो. कुठे आवाज बद्द आला तर आत भेग किंवा पोकळ शीर आहे. मग पूर्ण लादीवर पाणी ओता आणि ती सुकताना पाहा. बाकी पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही जी रेघ ओली, काळी राहते, ती चीर असते. मेण किंवा रेझिन भरून लपवलेल्या चिरा अनेकदा लादीच्या खालच्या बाजूने पाणी टाकल्यावर उघड्या पडतात, म्हणून दोन्ही बाजू भिजवा. रंगीत शिरा असलेला दगड घेणार असाल तर शीर लादीच्या लांबीला समांतर हवी. मधल्या गाळ्यात आडवी जाणारी शीर म्हणजे तडकण्यासाठी आखून दिलेली रेषाच.

वरची बाजू आरशासारखी चकचकीत नको. उन्हात डोळ्यांवर तिरीप येते आणि वर ठेवलेली ओली भांडी सरकतात. होन (चमक न आणता गुळगुळीत घासलेलं) किंवा लेदर (चामड्यासारखं किंचित खडबडीत) फिनिश घ्या. फ्लेम केलेला, म्हणजे ज्योतीने भाजलेला खडबडीत पृष्ठभाग पायऱ्यांना छान, पण जेवणाच्या टेबलावर त्याच्या खळग्यांत तेल आणि खरकटं बसतं. चारी कडा ४ मि.मी. मारून घ्या, कोपरे २५ मि.मी. त्रिज्येत गोल करा. धारदार कोपऱ्याचा टवका उडतोच, शिवाय तो लहान मुलांच्या कपाळाच्या उंचीवर असतो.

खालच्या बाजूला कडेपासून २५ मि.मी. आत, चारी बाजूंनी ८ मि.मी. रुंद आणि ५ मि.मी. खोल पन्हळ कापून घ्यायला विसरू नका. ती नसेल तर पावसाचं पाणी कडेवरून वळून लादीच्या पोटाला चिकटत खांबापर्यंत जातं, आणि विटांवर शेवाळ व क्षारांचे ओघळ तयार होतात.

साहित्य

टेबल आणि दोन बाक मिळून:

- भाजलेल्या विटा: टेबलाला ८०, बाकांना ७२, तूटफूट धरून १७०
- सिमेंट: काँक्रीटला ३ गोण्या, वीटकामाला १ (५० किलोची गोणी)
- धुतलेली वाळू: ०.३५ घनमीटर
- २० मि.मी. खडी: ०.४ घनमीटर
- भरावासाठी मुरूम किंवा जाड खडी: ०.३५ घनमीटर
- ८ मि.मी. लोखंडी सळई, जाळीसाठी: सुमारे ३५ मीटर
- स्टेनलेस स्टीलची १० मि.मी. गोल सळई: खुंट्यांसाठी १२८ मि.मी.चे ६ तुकडे
- इपॉक्सी, दगडाला डाग न पाडणारं न्यूट्रल सिलिकॉन, लाकडी पाचरी, ३० मि.मी. जाड लाकडी पट्ट्या

वीट तपासायची रीत जुनीच आहे. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की धातूसारखा आवाज यावा, नखाने ओरखडा उठू नये. आणखी खात्री हवी तर कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवा; वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती वीट उघड्यावरच्या कामाची नाही. ३ किलोची वीट ३.६ किलोच्या पुढे गेली की बाजूला काढा.

पाया

भार म्हणाल तर तो किरकोळ आहे. लादी, दोन खांब आणि पाच-सहा माणसं मिळून एक टनाच्या आसपास, तोही सुमारे १.१५ चौरस मीटरभर पसरलेला. चालण्याजोग्या कुठल्याही घट्ट जमिनीला हे पेलतं. खरी भीती एक खांब खचून दुसरा जागेवर राहण्याची असते. म्हणून दोन खांबांना दोन वेगळे पाये देऊ नका. दोघांच्या खाली एकच सलग पट्टा टाका. तो खचला तरी सगळा एकत्र खचेल आणि लादीला कळणारही नाही.

१६५० × ७०० मि.मी. चा खड्डा ४०० मि.मी. खोल खणा. बाजू सरळ, तळ सपाट. वरची काळी, मुळ्या असलेली माती तळाशी राहिली तर आणखी खोल जा. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी चिकणमाती असेल तर किमान २०० मि.मी. जास्त काढून तिथे मुरूम भरा. जमीन गोठणाऱ्या थंड प्रदेशात पाया गोठण्याच्या खोलीखाली न्यावा लागतो, नाहीतर बर्फ तो वर उचलतो. मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ टेबल घालण्याचा मोह आवरा. मुळं काही वर्षांत पट्ट्याचं एक टोक वर उचलतात.

तळाशी १०० मि.मी. मुरूम दोन थरांत घाला, पाणी शिंपडून धुम्मसने ठोका. टाच जोरात रोवली तरी ठसा उमटू नये इतका घट्ट हवा. त्यावर ८ मि.मी. सळईची २०० मि.मी. अंतराची जाळी, तळापासून ५० मि.मी. वर, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उचलून ठेवा. विटेचे तुकडे ठोकळे म्हणून वापरू नका; ते ओल शोषून सळईपर्यंत नेतात. मग १:२:४ प्रमाणाचं (सिमेंट : वाळू : खडी) काँक्रीट १५० मि.मी. जाड ओता. पाणी बेताचं: घमेल्यातून काँक्रीट ढकलावं लागलं पाहिजे, वाहून येता कामा नये. सळईने टोचून हवा काढा आणि माथा पाणसळीने दोन्ही दिशांना सपाट करा. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. वीटकाम तिसऱ्या दिवसापासून सुरू करता येतं.

वीटकाम

विटा आदल्या रात्री भिजवा. बुडबुडे यायचे थांबले की पुरे. लावताना त्या आतून ओल्या आणि वरून कोरड्या हव्यात. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. निथळती वीट मसाल्यावर तरंगते आणि खांब पोट काढतो.

मसाला जमिनीखाली आणि पहिल्या दोन दिसणाऱ्या थरांपर्यंत १:४ (सिमेंट : वाळू), त्यावर १:५. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती, ही समजूत इथे उलटते: १:३ मसाला इतका कडक होतो की जरा हालचाल झाली की सांध्याऐवजी वीटच फुटते. ओलीसाठी खांबाच्या मधोमध प्लास्टिकचा कागद घालू नका. भिंतीत तो वरच्या वजनाने दाबून राहतो. एवढ्याशा खांबात ती नुसती घसरायची जागा होते.

आता विटांची रचना. खांब ४७० × २३० मि.मी. आहे. स्ट्रेचर थरात, म्हणजे विटेची लांबी ४७० च्या बाजूला समांतर ठेवलेल्या थरात, दोन ओळींत चार विटा बसतात: २३० + १० + २३०. त्यांचा सांधा बरोबर मधोमध येतो. पुढचा थर चार हेडर, म्हणजे ४७० च्या बाजूला काटकोनात ठेवलेल्या विटा, शेजारी शेजारी लावून भरावा असं कुणालाही वाटेल; मापही जमतं, ४ × ११० + ३ × १० = ४७०. पण त्यातही एक सांधा ठीक मध्यभागी येतो. असे दहा थर चढवले की खांबाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी फट तयार होते, आणि कालांतराने खांब तिथेच दुभंगतो. बाहेरून तो दिसायला नीटनेटका असतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

उपाय असा: हेडर थरात तीन अख्ख्या विटा आणि त्यांच्यामध्ये लांबीत उभ्या चिरलेल्या दोन अर्ध्या चिपा लावा, ज्यांना क्लोजर म्हणतात. क्रम राहील हेडर ११०, क्लोजर ५०, हेडर ११०, क्लोजर ५०, हेडर ११०. मधले चार सांधे धरून पुन्हा ४७०. आता मधली हेडर वीट खालच्या थरातल्या सांध्यावर बरोबर बसते आणि दोन्हीकडे किमान ५० मि.मी. साखळी मिळते. एक वीट चिरली की दोन क्लोजर निघतात, म्हणजे दर थराला चारच विटा लागतात. क्लोजर छन्नीने तोडू नका, वेड्यावाकड्या फुटतात. ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून पाणी मारत कापा. नाकातोंडावर चांगला मास्क हवाच, कारण विटेची आणि दगडाची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते.

सुरुवात स्ट्रेचर थराने करा, म्हणजे दहावा थर हेडरचा येईल. लादीखाली हेडर असलेले बरे. त्यांच्यात उभ्या ओळीचा सांधा नसतो आणि मधल्या अख्ख्या विटेत खुंटीचं भोक पाडता येतं. विटेचा खळगा वर ठेवा, मसाल्याने भरा. खळगा खाली गेला तर आत पोकळी राहते.

दोन्ही खांब बरोबरीने चढवा. एक पूर्ण करून दुसरा सुरू केला की पातळी चुकतेच. ८५ मि.मी. च्या खुणा केलेली एक सरळ लाकडी पट्टी दोन्ही खांबांना लावून प्रत्येक थर तपासा, दर दोन थरांनी ओळंबा सोडा. एका दिवशी पाच-सहा थरांवर जाऊ नका. खालचा ओला मसाला दबून खांब कलतो. सांधे अंगठ्याने ठसा उठेल इतके आवळले की दरजा भरून, किंचित आत गोलसर दाबून घ्या. खोल कोरलेले सांधे फोटोत छान दिसतात, पण उघड्यावर त्यांत पाणी साचतं.

दहाव्या थराच्या वेळी थांबा आणि नीट मोजा. लांब, सरळ पट्टी दोन्ही खांबांवर ठेवा: कडेकडेने, मधून, आणि तिरकी दोन्ही कर्णांवर. कर्णांवरची तपासणी बहुतेक जण टाळतात. पीळ फक्त तिथेच कळतो. चारी कोपऱ्यांत २ मि.मी. पेक्षा जास्त फरक असेल तर तो याच थरात मोडा. पावसाचं पाणी निथळावं म्हणून टेबलाला रुंदीच्या दिशेने ५ मि.मी. उतार द्यायचा असतो. तो दोन्ही खांबांना त्याच बाजूला हवा. एवढा उतार ताटाला कळत नाही.

खांबांवर सात दिवस दिवसातून दोनदा पाणी मारा, त्याआधी लादी चढवू नका.

लादी बसवणे

नुसत्या मसाल्यावर ठेवलेली लादी काही उन्हाळे-पावसाळे गेल्यावर सुटते. दगड तापून किंचित लांबतो, रात्री आखडतो: ११०० मि.मी. मध्ये ४० अंशांच्या फरकाला जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. पण ही ओढाताण रोज चालते. म्हणून एका खांबावर लादी पक्की धरायची आणि दुसऱ्यावर तिला हलायला वाव द्यायचा.

पुठ्ठ्याची किंवा प्लायवूडची पट्टी घेऊन तिच्यावर दोन्ही खुंट्यांच्या जागा, म्हणजे खांबांचे मध्य, आखा. त्याच पट्टीने लादीच्या पोटावर खुणा करा. लादी आडवी, उलटी, सपाट पट्ट्यांवर असताना डायमंड बिटने २० मि.मी. खोल भोकं पाडा: एक १४ मि.मी. व्यासाचं, दुसरं २० चं. ड्रिलचा ठोका बंद ठेवा आणि पाणी सोडत राहा. ड्रिलला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा, २० मि.मी. च्या पुढे गेलात तर वरच्या बाजूला टवका सुटतो. खांबांच्या मधल्या हेडरमध्ये १४ मि.मी. ची १०० मि.मी. खोल भोकं पाडून, धूळ फुंकून, खुंट्या इपॉक्सीत बसवा. विटेवर २८ मि.मी. खुंटी राहिली पाहिजे: १० मसाल्यात, १८ दगडात.

खुंटी साध्या लोखंडाची कधीच नको. गंजलेलं लोखंड मूळ जागेपेक्षा कितीतरी फुगतं आणि दगड आतून फोडतं. लादीवर वर्तुळाकार टवका उडालेला दिसला की खाली गंजलेली सळई असतेच. ३०४ दर्जाचं स्टेनलेस पुरतं, समुद्राजवळ ३१६ घ्या.

लादी उचलायला सहा माणसं घ्या, माणशी तीसेक किलो येतात. नेताना ती नेहमी कडेवर उभी, खिडकीच्या काचेसारखी. आडवी धरून चालताना टोकाच्या माणसाचं पाऊल चुकलं की लादी मध्येच मोडते. ती खांबाला टेकवून वर लोटण्याचा सोपा वाटणारा मार्ग नको. तो आडवा जोर ताज्या खांबाला उलथवतो. शेजारी टेबलाच्या उंचीची भक्कम घोडी लावून तिच्यावर लादी आडवी करा आणि मग खांबांवर घ्या.

आता क्रम पाळा. प्रत्येक खांबाच्या दोन लांब कडांवर ३० मि.मी. जाड पट्ट्या ठेवा आणि लादी त्यांच्यावर टेकवा. खुंट्या २८ मि.मी. असल्याने लादी त्यांच्या वर तरंगते आणि भोकं जुळवायला निवांत वेळ मिळतो. बाहेर आलेला भाग चारी बाजूंनी मोजा. जुळलं की पक्क्या खांबाकडचं टोक चौघांनी १०० मि.मी. उचला; त्या टोकाला निम्मं वजन, म्हणजे ८८ किलोच असतं. लगेच खाली लाकडी ठोकळा सरकवा. ठोकळ्याशिवाय कुणाचाही हात लादीखाली जाता कामा नये.

पट्ट्या काढून खांबाचा माथा ओला करा, १:४ चा घट्ट मसाला १४ मि.मी. जाड पसरा, पण कडेचे २५ मि.मी. चारी बाजूंनी मोकळे सोडा. मसाला अगदी कडेपर्यंत गेला तर लादीचा भार विटेच्या टोकावर येतो आणि तिची कड ढासळते. मोकळ्या पट्टीत चारी कोपऱ्यांवर १० मि.मी. ला थांबतील अशा लाकडी पाचरी ठेवा. १४ मि.मी. भोकात इपॉक्सी भरा, ठोकळा काढून टोक हलकेच खाली आणा. दुसऱ्या खांबावर हेच करायचं, फक्त २० मि.मी. भोकात इपॉक्सीऐवजी सिलिकॉन. वर लाकडी फळी ठेवून रबरी हातोडीने ठोका आणि पाणसळीने तपासा. लादी फिकट किंवा संगमरवराची असेल तर मसाला पांढऱ्या सिमेंटचा करा. करडं सिमेंट पातळ, सच्छिद्र दगडातून वर डाग पाडतं.

दोन दिवसांनी पाचरी ओढून काढा. हे राहून गेलं तर मसाला सुकून किंचित बसतो आणि लादी चार पाचरींवरच तोलली जाते, म्हणजे एवढा सगळा खटाटोप टाळण्यासाठी केला होता तेच होतं. कडेची मोकळी फट सिलिकॉनने भरा, टेबलावर सात दिवस कुणाला बसू देऊ नका.

बाक

१५०० × ४०० × ४० मि.मी. ची लादी, वजन ६५ किलो. खांब टोकापासून ३१० वर, ३५० × २३० मि.मी. २३० × २३० चा खांब पुरेसा वाटतो, पण मग दोघे पुढच्या कडेवर सरकले की बाक पुढे कलंडतो. थरात तीन विटा: एक हेडर आणि तिला टेकून दोन स्ट्रेचर, पुढच्या थरात उलट बाजूने. सहा थर ५१० मि.मी. होतात, म्हणून बाकाच्या पायाचा माथा जमिनीखाली ११० वर ठेवा. बसायची उंची बरोबर ४५० येते. पाया १३५० × ५०० × १५० मि.मी., खाली तोच मुरूम आणि तीच जाळी. टेबलाची कड आणि बाकाची कड यांत ९० मि.मी. अंतर सोडा; १५० झालं की घास घेताना वाकावं लागतं. टेबलाच्या आणि बाकाच्या खड्ड्यांमध्ये जेमतेम १४० मि.मी. मातीची भिंत उरते. टेबलाचा पाया आधी ओतून मग बाकाचा खणा, आणि ती भिंत ढासळलीच तर तिथे काँक्रीट भरू द्या.

नंतरचं

२८ दिवसांनी, सलग दोन कोरडे दिवस पाहून, लादीवर आणि विटांवर आत मुरणारं सिलेन-सिलॉक्सेन सीलर लावा. वर्षातून एकदा पाण्याचे थेंब टाकून पाहा. मणी होऊन राहिले तर ठीक, दगड काळा पडला तर पुन्हा एक हात. वरून चमक देणारे लॅकर लावू नका. खालून येणारी ओल त्यांच्याखाली अडकते आणि थर पापुद्र्यांनी सुटतो.

पहिल्या वर्षात विटांवर पांढरी पूड येते. ते क्षार असतात. कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतले तर विरघळून परत आत जातात. दुसऱ्या वर्षानंतरही पूड येतच राहिली तर लादीची पन्हळ मसाल्याने बुजली आहे का, खांबाभोवती पाणी साचतं का, ते बघा.

खांबावर आडव्या सांध्यात केसाएवढी चीर गेली असेल तर ती खरवडून १:५ मसाल्याने भरा आणि विसरा. तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी चीर वेगळी. ती पाया हलल्याची खूण आहे. अशा वेळी लादी आधी उतरवून घ्या, मग कारण शोधा. लादीखाली हातोडीने ठोकून एखाद्या खांबावर आवाज पोकळ आला तर मसाला सुटला आहे. त्या टोकाला पुन्हा पाचरी देऊन जुना मसाला काढा आणि नवा भरा. सिलिकॉनच्या खांबाकडचं टोक सहज उचलतं, पक्क्या टोकाची खुंटी मात्र ग्राइंडरच्या पातळ ब्लेडने सांध्यातून कापावी लागते.